नानांच्या गणपतीला समुद्र

"ताई, कोरल मर गया," असा फोन मला अधूनमधून येतोच. मी विचारते, "टाकीचे दिवे लागलेत का?" तिकडून उत्तर येतं, "नहीं, अभी तो सुबह है." मग मी सांगते की मेलेलं नाही, मिटलेलं आहे, दिवे लागले की उघडेल. थोड्या वेळाने उघडलेल्या प्रवाळाचा फोटो येतो. खाली जोडलेले हात.

ग्वाल्हेरमधल्या घरांत काचेच्या टाक्यांत वाढणारं जिवंत प्रवाळ सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे. हे वाक्य मी लग्नकार्यात बोलले की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "पण समुद्राचं पाणी आणता कुठून? टँकर येतो?" टँकर येत नाही. लश्कर भागातल्या नळाचं पाणी येतं, आणि तेही इतकं जड की त्यात डाळ शिजता शिजत नाही. ते मशीनमधून गाळून कोरं करायचं, त्यात समुद्रासाठी मिळणारं खास मीठ घालून ढवळायचं, आणि मग मोजायचं. मोजायला माझ्या पर्समध्ये एक बोटभर लांबीची दुर्बीण असते. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे धरली की आत निळी-पांढरी रेघ दिसते. रेघ जागेवर असली की झाला समुद्र. एका गृहस्थांनी मला न विचारता स्वयंपाकाचं मीठ ओतलं होतं आणि वर पाकीट दाखवून म्हणाले होते, "देखिए, एकदम शुद्ध है." शुद्ध होतं, हीच अडचण होती. समुद्रात मिठाबरोबर बाकीचंही पुष्कळ काही असतं.

मी यादी करणारी बाई आहे. कुठल्या घरी कुठल्या वारी जायचं, कुठल्या टाकीची बादली कुठल्या रंगाची, कुणाच्या घरी कुत्रं आहे, कुणाकडे दुपारी बेल वाजवायची नाही, सगळं लिहिलेलं असतं. हे काम हुशारीचं कमी आणि नेमाचं जास्त आहे. नव्या गिऱ्हाइकाला मी पहिल्या दिवशी एकच वाक्य पाठ करायला लावते: पाणी उडतं, मीठ उडत नाही. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर उडून जातं आणि मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोजची भर घालायची ती साध्या, गाळलेल्या, गोड्या पाण्याची. खाऱ्याची घातलीत तर महिन्याभरात टाकीत लोणचं होईल. दुसरं काम माझं: दर पंधरवड्याला थोडं जुनं पाणी काढून टाकायचं आणि तेवढंच ताजं समुद्रपाणी भरायचं.

आता प्रवाळ म्हणजे काय, तेही सांगून टाकते. झाड नाही आणि दगडही नाही. तो प्राणी आहे. खरं तर पुष्कळ छोट्या प्राण्यांची एक चाळ. प्रत्येकाला मधोमध तोंड, तोंडाभोवती बोटं, आणि खाली स्वतः बांधलेलं चुन्याचं घर. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहायला असतं. दिव्याच्या उजेडात ते शेवाळ अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. पाणी फार तापलं की मालक घाबरून भाडेकरूंना बाहेर काढतो, पांढरा पडतो आणि मग उपाशी मरतो. त्याला मेंदू नाही, हृदय नाही, डोळे नाहीत. तरी तो उजेड ओळखतो, शेजारी फार जवळ आला तर त्याला डंख मारतो, आणि एक एक कण जोडून दगड तयार करतो. इतकी वर्षं झाली, पण सकाळी दिवे लागल्यावर ती बोटं एकेक करून बाहेर येताना बघायला मी अजून थांबते. यादीत त्यासाठी वेळ धरलेला आहे.

आपल्या समुद्रातलं प्रवाळ तोडणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. माझ्याकडे येतात ते टाक्यांत वाढवलेल्या प्रवाळाचे लहान तुकडे, रीतसर कागदांसकट. त्यातला एखादा मेला की मला फार लागतं. इतक्या लांबून आलेल्याला आपण जगवू शकलो नाही, असं वाटत राहतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पाटणकर बाजारात भांड्यांचं दुकान असलेल्या महेंद्रजींनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "ये मूंगा ही है ना? ज़िंदा वाला?" त्यांच्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ होता. पंडितजींनी पोवळ्याची अंगठी सांगितली होती, पण मुलगी अंगठी घालेना. तेव्हा त्यांनी विचार केला की घरातच जिवंत पोवळं ठेवू, म्हणजे तिला घालावं लागणार नाही.

मी म्हटलं, "भाईसाहब, अंगठीतलं पोवळं वेगळं, हे वेगळं."

"रिश्तेदार तो हैं ना?"

"लांबचे."

"चलेगा," महेंद्रजी म्हणाले.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी टाकी मांडली आणि ती इतकी मन लावून सांभाळली की मंगळाची मी आभारी आहे. दुकान उघडण्याआधी ते टाकीसमोर उभे राहून पाण्याचं तापमान मोठ्याने वाचतात.

पण मला जे सांगायचं आहे ते घडलं फूलबागेजवळ, पेंडश्यांच्या घरी.

नाना पेंडसे पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनियर, आणि सुमनकाकू शाळेतल्या निवृत्त गणिताच्या बाई. टाकी बांधली नानांनी: लाकडी बैठक, नळ्या, पंप, सगळं स्वतः आखून. पण टाकीत हात चालायचा तो काकूंचा. त्यांच्याकडे एक प्रवाळ होतं ज्याची बोटं लांब, सोनेरी आणि टोकाशी हिरवी असतात आणि पाण्याच्या प्रवाहात केसांसारखी भुरभुरतात. मी दिलं तेव्हा ते अंगठ्याएवढं होतं. काकूंनी त्याला दुसऱ्याच दिवशी नाव ठेवलं, झिपरी. झिपरीला फांद्या फुटल्या, फांद्यांना फांद्या फुटल्या, आणि बघता बघता ती परातीएवढी झाली. मधल्या खडकावर तिने असा पाय रोवला होता की खडक कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते ते सांगता येत नव्हतं. इतकी मोठी झिपरी माझ्या कुठल्याच टाकीत नव्हती.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. प्रवाळ चांगलं वाढलं की त्याची एखादी फांदी कापून दुसऱ्याच्या टाकीत द्यायची. कापलेली फांदी जगते, नवी होते. तुमच्याकडे काही बिनसलं तर तुमचंच प्रवाळ दुसऱ्याच्या घरी शिल्लक असतं. मी काकूंना कितीदा सांगितलं. काकू ऐकायच्या नाहीत.

"अगं मीनल, केस कापायचे का तिचे? आणि वाटायचे गावभर?"

"काकू, विमा समजा."

"विमा नानांचा आहे तेवढा पुरे. एकसंध आहे, एकसंध राहू दे."

आणि खरंच सांगते, काकूंना विम्याची गरज पडेल असं वाटतही नव्हतं. एका मे महिन्यात त्यांच्या भागात ट्रान्सफॉर्मर जळाला. बाहेर आमचा नेहमीचा उन्हाळा, म्हणजे पत्र्यावर पापड भाजून निघतील असा. पाणी थंड ठेवणारं मशीन बंद, इन्व्हर्टरवर जेमतेम एक पंप. मी पोचले तेव्हा काकू टाकीसमोर स्टुलावर बसून पाण्यावरून हातपंख्याने वारा घालत होत्या. अगदी बरोबर उपाय. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि उडताना थंडावा देतं, कूलरसारखं. नाना खालच्या कुल्फीवाल्याकडून गोठवलेल्या बाटल्या आणून एक एक पाण्यात तरंगवत होते.

"स्वतःच्या डोक्यावर वारा घे जरा," नाना म्हणाले.

"माझं डोकं झिपरीएवढं नाजूक नाही," काकू म्हणाल्या, आणि पंखा चालूच. लाइट आली तेव्हा झिपरीचं एक बोटही आखडलेलं नव्हतं.

असं ते घर. त्या घरून, गणपतीच्या दिवसांत, एका दुपारी नानांचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"मीनल, एक सहज विचारायचं होतं. शाडूची माती टाकीला चालते का गं?"

"थोडीशी पडली असेल तर घाबरू नका. किती पडलीय?"

"नऊ इंच."

"नऊ इंच माती?"

"बसलेली," नाना म्हणाले.

मला कळायला एक क्षण लागला. मग मी ताज्या समुद्रपाण्याचे भरलेले दोन कॅन, बादल्या, हातमोजे आणि कापायची हत्यारं स्कूटरवर लादली आणि निघाले.

दार उघडलं ईराने, त्यांच्या नातीने. ती कॉलेजात शिकते. "मावशी, मी बोलले होते. नाना सुनतच नव्हते. मी तर व्हिडिओ पण काढला. पहले दोन मिनिट इतकं सुंदर दिसत होतं ना!"

दिवाणखान्यात टाकी ताकासारखी झाली होती. निळ्या दिव्यांखाली निळसर ताक. मध्ये खडकावर, झिपरीच्या अगदी पायाशी, गणपती बसला होता. मुकुटाच्या कडा विरघळायला लागल्या होत्या आणि पंपाचा झोत प्रत्येक वेळी थोडी माती घेऊन टाकीभर फिरवत होता. नाना कद नेसून, उपरणं पांघरून टाकीपाशी उभे होते. चेहरा शाळेतल्या मुलासारखा.

उत्तरपूजा सकाळीच झाली होती, सगळ्यांच्या देखत. विसर्जन दरवर्षी गच्चीवर, बादलीत. नानांचे गुडघे गच्चीचा जिना मानत नव्हते. काकू वाटली डाळ घेऊन शेजारच्या इमारतीत वाटायला गेल्या होत्या, आणि त्या यायच्या आत नानांनी विसर्जन उरकलं होतं.

"नाना, असं कसं केलंत?"

नाना म्हणाले, "माझ्या पणजोबांचा गणपती समुद्रात जायचा. रत्नागिरीकडे घर अगदी किनाऱ्यावर होतं, असं आजोबा सांगायचे. पणजोबा इकडे आले दरबारच्या नोकरीला. आजोबांनी तळ्यात बुडवला, वडिलांनी नदीत, आणि आता मी बादलीत. पुढे काय, तांब्यात? मीनल, मी समुद्र बांधलाय या खोलीत. मीठ तू मोजून देतेस. मग माझ्या गणपतीने बादलीत का जायचं?"

मला हसूही येत होतं, आणि झिपरीकडे बघवतही नव्हतं. तिने सगळे केस आत ओढून घेतले होते. अंगावर बसलेली माती घालवण्यासाठी ती चिकट तार सोडत होती. प्रवाळ वाळू-मातीपासून स्वतःला असंच सोडवतं: आधी तार गुंडाळायची आणि मग ती प्रवाहात सोडून द्यायची. झिपरी एक थर झटकत होती आणि तेवढ्यात दुसरा बसत होता. ती हरणार हे दिसत होतं, पण थांबत नव्हती.

मी बाह्या वर केल्या. "नाना, मूर्ती आत्ता काढते. अजून निम्मी आहे. पाणी बदलून..."

"नाही," नाना म्हणाले.

"नाना, तासाभरात..."

"विसर्जन झालेला गणपती परत वर काढायचा नसतो. ते मी करणार नाही आणि तुलाही करू देणार नाही. बाकी काय सांगशील ते करतो."

बाकी काय होतं? मूर्ती तिथे राहिली तर पूर्ण विरघळेपर्यंत दोन दिवस माती सुटत राहणार. झिपरी उचलावी तर ती खडकाला घट्ट, खडक बाकीच्या खडकांत अडकलेला आणि त्यावर गणपती टेकलेला. खडक हलवला तर मूर्ती कोसळणार. नाना रडवेले झाले होते, पण शब्द बदलत नव्हते. मी टाकीतले दोन मासे बादलीत काढले आणि मूर्तीकडे झोत सोडणारा पंप बंद केला.

दार वाजलं. काकू रिकामा डबा घेऊन आत आल्या.

त्यांनी टाकीकडे पाहिलं. मग नानांच्या कदाकडे. मग परत टाकीकडे. डबा टेबलावर ठेवला. ईरा म्हणाली, "आजी, प्लीज, गुस्सा नको होऊ."

"मी काही बोलले का?" काकू म्हणाल्या. आणि नानांना, "अहो, आरती तरी म्हटलीत का, की नुसताच ढकललात?"

"म्हटली," नाना पुटपुटले.

"पूर्ण?"

"दोन कडवी."

"म्हणजे तेही अर्धं." मग माझ्याकडे वळून, "मूर्ती काढायची म्हणत असशील, तर ती निघणार नाही. यात हे चुकत नाहीयेत."

मी त्यांना परिस्थिती सांगितली. त्या काचेजवळ वाकल्या. झिपरीने नुकतीच एक तार सोडली होती आणि ती करड्या चिंधीसारखी तरंगत होती.

"फांद्या कापून निघतील?" त्यांनी विचारलं.

"निघतील. वरच्या सगळ्या. बुंधा राहील."

"जगतील?"

"जगायला हव्यात. सगळ्या जगतील असं नाही सांगत."

काकूंनी पदर खोचला. "मग काप."

मी हातमोजे घातले. हाडं कापायला वापरतात तसली आखूड, जाड पात्याची कात्री माझ्याकडे असते. मांसल भागाच्या खाली, नुसत्या चुन्याच्या दांड्यावर ती टेकवायची आणि एका दाबात कापायचं. कच असा आवाज होतो. पहिल्या आवाजाला काकूंनी डोळे मिटले. दुसऱ्यापासून नाही. पाणी गढूळ होतं, त्यामुळे मी बोटांनी चाचपून फांदी शोधत होते आणि काकू काचेला नाक लावून सांगत होत्या, "डावीकडे. जरा खाली. ती थोरली आहे, सांभाळून." त्यांना प्रत्येक फांदी माहीत होती, कुठली कधी फुटली हेसुद्धा. नाना ताज्या पाण्याच्या बादलीवर टॉर्च धरून उभे होते आणि आलेल्या फांद्या दोन्ही हातांनी, अक्षता घ्याव्यात तशा घेऊन, आत ठेवत होते. माझा हात सगळा वेळ गणपतीच्या बाजूने जात होता. एकदाही मूर्तीला लागला नाही. ते मी माझ्या कामातलं सर्वांत बारीक काम समजते.

आता इतक्या फांद्या ठेवायच्या कुठे? सगळ्या एकाच टाकीत ठेवणं शहाणपणाचं नव्हतं. निम्म्या मी माझ्या घरी न्यायच्या ठरवल्या. बाकीच्यांसाठी, पाणी दुरुस्त असलेली आणि जवळची अशी एकच टाकी होती. मी महेंद्रजींना फोन लावला.

"भाईसाहब, एका प्रवाळाला काही दिवस ठेवायचंय. बीमार आहे."

"अस्पताल समझ के ले आइए," ते म्हणाले, आणि दुकान मुलावर सोडून वर जाऊन दिवे मंद करून बसले.

पुढचे दिवस वाईट गेले. कापलेलं प्रवाळ दोन-चार दिवस मिटून राहतं, हे मला माहीत आहे. काकूंनाही मी ते सांगितलं होतं. तरी त्या रोज चहाच्या वेळी माझ्याकडे यायच्या, टाकीसमोर खुर्ची घ्यायच्या आणि फांद्या मोजत बसायच्या. एक फांदी सडली. दुसरी सडायच्या बेतात होती. तिला आयोडीनच्या पाण्यात बुडवून मी वेगळी ठेवली. काकूंनी विचारलं, "कुठली गेली?" मी दाखवली. "ती धाकटी," त्या म्हणाल्या, आणि चहा तसाच ठेवून गेल्या.

तिकडे घरी नाना गणपती पूर्ण विरघळेपर्यंत रोज टाकीसमोर उरलेली कडवी म्हणत होते. मग मी जाऊन माती नळीने हळूहळू काढली. ती नानांनी ताटात घेऊन गच्चीवर वाळवली; जिना तेव्हा ते कसे चढले, देव जाणे. खाली झिपरीचा बुंधा पांढराफटक निघाला. नानांनी तो पाहिला आणि टाकीचे दिवे स्वतःच्या हाताने बंद केले.

"पुढच्या वर्षीपासून मूर्ती आणायची नाही," ते म्हणाले. "सुपारीचा बसवू. सुपारी कुठेही बुडवता येते."

काकूंनी माती काढायची नळी गुंडाळून माझ्या हातात दिली.

मग एका सकाळी महेंद्रजींचा फोन आला. ते ओरडतच होते. "ताई! बाल आ गए! बाल!" मी काकूंना स्कूटरवर मागे बसवून पाटणकर बाजारात नेलं. दुकानाच्या वर, पितळी हंड्यांच्या रांगेमागे, झिपरीच्या फांद्या उघडल्या होत्या. सोनेरी बोटं, टोकं हिरवी, आणि सगळी एका दिशेने झुलत होती. कापल्याला इतके दिवस झाले होते. आजूबाजूचं पाणी, दिवे, माणसं, सगळं परकं. तरी केस मोकळे. दोन दिवसांनी माझ्याकडच्याही उघडल्या. सडायच्या बेतात होती तीसुद्धा, अर्धी का होईना.

मी या प्राण्याला मानते. त्याला तोडलं, हलवलं, दुसऱ्याच्या घरी टाकलं, आणि चुन्याच्या एवढ्याशा दांड्यावर तो पुन्हा घर बांधायला बसला.

संक्रांतीच्या सुमाराला नानांची टाकी पूर्ण दुरुस्त झाली. माझ्याकडच्या फांद्या मी परत नेल्या. महेंद्रजींकडे मात्र अडचण आली. मधल्या काळात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"ये मत ले जाइए, ताई," ते हात जोडून म्हणाले. "इसी के आने के बाद बात पक्की हुई है."

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. इतकी वर्षं एक तुकडा न देणाऱ्या काकू. त्यांनी फांद्यांकडे पाहिलं, मग महेंद्रजींकडे. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "वाण समजा. पण खारं पाणी नका घालू भरीला. पाणी उडतं, मीठ उडत नाही."

"याद है, मैडम जी," महेंद्रजी म्हणाले.

परत येताना स्कूटरवर काकूंनी मागून विचारलं, "तू पंधरा दिवसांनी आमचं जुनं पाणी काढतेस, ते टाकतेस कुठे?"

"मोरीत."

"समुद्राचंच ना ते?"

"अगदी. फक्त थोडं वापरलेलं."

"हं," काकू म्हणाल्या.

श्रावणात त्यांनी मला फोन केला. "तुझ्या यादीत गणपतीच्या दिवसांत आमचं पाणी कधी बदलायचंय?" मी दिवस सांगितला. "तो खोड. विसर्जनाच्या दिवशी ये. आणि यांना सांगू नकोस. मूर्ती मी आणतेय, नऊ इंचांची."

मी इतकी वर्षं शहरभरच्या मोऱ्यांत समुद्र ओतत होते आणि हे मला सुचलं नव्हतं.

विसर्जनाच्या दिवशी मी नळी लावली. टाकीतलं जुनं पाणी पितळी बादलीत पडायला लागलं, तेव्हा नाना पाट मांडत होते. आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिलं. बादलीकडे, नळीकडे, मग टाकीकडे. झिपरी आता पुन्हा पसरायला लागली होती. तिच्या खडकावर जुन्या बुंध्याचा पांढरा दगड तसाच होता.

"हे..." नाना म्हणाले.

"पणजोबांचं," काकू म्हणाल्या. "गच्चीवर जायचं नाही, इथेच बाल्कनीत. आणि यंदा सगळी कडवी. मी मोजणार आहे."

नानांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. ईराने व्हिडिओ काढला. गणपती बादलीत बसला. आम्ही सगळ्यांनी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हटलं, आणि मी टाकीत ताजं पाणी भरून निघाले.

तिसऱ्या दिवशी नानांचा फोन. आवाज पुन्हा हळू.

"मीनल, जरा येऊन जा. तुझी ती दुर्बीण घेऊन."

"टाकीत काय झालं?"

"टाकी छान आहे. बादलीचं विचारतोय. मूर्ती अजून पूर्ण विरघळलेली नाही, आणि ऊन कडक आहे. बाल्कनीत पाणी उडतंय. मी रोज सकाळी गोड्या पाण्याची भर घालतोय, गाळलेल्या. पण अंदाजाने. खारटपणा बरोबर राहिलाय का ते बघायला हवं. आता मध्येच कमीजास्त व्हायला नको."

मी गेले. बाल्कनीत बादली, बादलीवर पातळ धुतलेलं फडकं, फडक्यावर एक ताजं जास्वंदाचं फूल. शेजारी गाळलेल्या पाण्याचा तांब्या आणि मापाची पळी. मी फडकं बाजूला करून वरचा नितळ थेंब घेतला, काचेवर टाकला आणि दुर्बीण उन्हाकडे धरली. नाना हातात पळी घेऊन उभे होते. आतून काकूंनी विचारलं, "काय गं, आलं का बरोबर?"

रेघ जागेवर होती.